साऱ्या गावाचा एक पत्ता

नंदा, तुझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानाचं शटर मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उघडलं. अर्ध्यावर येऊन ते अडकलं. तुझ्या विलासरावांनी कोपऱ्यात खालून एक लाथ मारली, तेव्हा वर गेलं. "ती अशीच मारायची," ते म्हणाले आणि तोंड फिरवून डेअरीकडे चालायला लागले, दूध घ्यायची वेळ झाली होती. चार पावलं गेल्यावर मागे न बघताच म्हणाले, "आक्का, त्या कॉम्प्युटरचं तेवढं बघा. काय बंद करायचं, काय ठिवायचं. तुमच्या बहिनीचा कारभार मला कदी कळला न्हाई."

मला कळतो, असं मी धरून चालले होते. भिंगारला लष्कराच्या कचेरीत कारकुनी करून माझे केस पिकले. संध्याकाळी पर्स उचलताना माझ्या इनबॉक्समध्ये एकही मेल नसते. तुला मेलचा पत्ता काढून दिला तोही मीच, आमच्या क्वार्टरमध्ये. तुझा ओम तेव्हा दोन वर्षांचा. तो माझ्या पलंगावर आडवा झोपला होता आणि तू खुर्चीच्या कडेवर बसून एका बोटाने तुझं नाव टाइप करत होतीस, त्याला गावाचं नाव जोडत होतीस. आलेलं वाचायचं, उत्तर द्यायचं आणि काढून टाकायचं, एवढं मी तुला शिकवलं. पहिल्या दोन गोष्टी तू माझ्याहून चांगल्या केल्यास. तिसरी जन्मात केली नाहीस.

माझी दोन दिवसांची रजा उरली होती. पहिल्या दिवशी तुझी मेल साफ करून खातं बंद करायचं, दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर-प्रिंटरचं काय ते ठरवायचं आणि सकाळच्या एसटीने परत, असा माझा हिशेब होता. मशीन चालू केलं. तू कधी लॉगआउट करतच नव्हतीस, त्यामुळे तुझी मेल आपोआप समोर आली. न वाचलेल्या, वाचलेल्या सगळ्या मिळून एक्केचाळीस हजारांच्या वर. आणि डोक्यावर लाल पट्टी: जागा संपली आहे, नवीन मेल येणार नाही.

ती पट्टी वाचली आणि मला तुझा गणपतीनंतरचा फोन आठवला. तू म्हणाली होतीस, "आक्का, दोन दिवस येतीस का? डबा पार भरलाय माजा. मेल येईनात. एकटीला उरकंना गं."

मी काय म्हणाले, ते तुला माहीत आहे. मला ते इथे लिहायचंच आहे, म्हणजे पुढे कुणासमोर, स्वतःसमोरसुद्धा, ते गोड करून सांगायची सोय राहणार नाही. मी म्हणाले, "दहा वर्षं कानीकपाळी ओरडतेय. आता तुझं तूच निस्तर." तू हसलीस. "बरं," म्हणालीस आणि बाजरीचं काय झालं ते सांगत बसलीस. त्यानंतर आपण दिवाळीला भेटलो, पण त्या विषयावर बोललो नाही. भाऊबीजेनंतर आठव्या दिवशी तू दुकानात खुर्चीवरून खाली आलीस ती उठलीच नाहीस.

तुझी मेल वाचायला लागले आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं की यात तुझं जवळजवळ काहीच नाही. "प्रिय अर्जदार," म्हणून सुरू होणारी शेकडो पत्रं, आणि अर्जदार दर वेळी वेगळा. कुणाचं हॉलतिकीट, कुणाचा पीकविमा, कुणाच्या पोरीची शिष्यवृत्ती, कुणाचं पीएफचं उत्तर. साऱ्या गावाने तुझा पत्ता दिला होता. दिला कसला, तूच भरला होतास. फॉर्ममध्ये ई-मेलचा रकाना आला की समोरचा माणूस डोकं खाजवायचा आणि तू त्याच्याकडे न बघता तुझा पत्ता टाकून पुढे जायचीस.

यावरून आपण किती भांडलो! गेल्या उन्हाळ्यात तर तू ताटावरून उठली होतीस. मी म्हटलं होतं, "ज्याचा त्याचा पत्ता काढून दे ना. पाच मिनिटांचं काम."

"पत्ता काढाया नंबर लागतो, आक्का. निम्मं गाव दसऱ्याला ऊस तोडाया जातं ते चैताला येतं. जाताना एक नंबर, येताना दुसरा. बायांचे फोन नवऱ्याच्या खिशात. ओटीपी कुनाला येनार?"

"मग जुनं तरी काढून टाक."

"आन् लागलं तर? तुझं ऑफिस हाय, आक्का. हितं मानसं हायेत."

मला ते लागलं होतं. ऑफिसात माणसं नसतात का? मी तेव्हा उत्तर दिलं नाही. बसमध्ये करंजीच्या घाटापर्यंत मनातल्या मनात देत राहिले.

तर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते उत्तर हाताने द्यायला घेतलं. पदर खोचला आणि दोन वर्षांपूर्वीचं जे जे असेल ते काढून टाकायचं ठरवलं. वाचायचं नाही, नावं बघायची नाहीत. पन्नास-पन्नास निवडायच्या आणि टाकायच्या, नंतर मला एकदम सगळ्या निवडायची युक्ती सापडली. बारा वाजेपर्यंत तेवीस हजार गेल्या. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. पंधरा दिवस नुसतं रडणं, आल्यागेल्याला चहा, बायकांचे गळ्यात पडणारे हात. त्यानंतर ही पहिली गोष्ट होती जी माझ्या हाताने कमी होत होती.

लाल पट्टी मात्र हलली नाही.

साडेबाराला दारात एक मुलगी आली. सतरा-अठरा वर्षांची, ओढणीची टोकं मुठीत धरलेली. "तुमी नंदाताईच्या बहीन ना? मी अश्विनी. नर्सिंगला फॉर्म भरलाय ताईंनी माजा." ती धापा टाकत होती. सकाळी तिच्या आजीच्या फोनवर कॉलेजातून फोन आला होता. तिच्या अर्जातला एक कागद चुकला होता. त्याबद्दल तीनदा मेल पाठवली आणि तिन्ही वेळा ती परत आली. आज पाचपर्यंत कागद पोचला नाही, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार.

"कुठला कागद?"

"त्ये मेलमधी लिवलंय म्हनले. फोनवर सांगाया त्यांना येळ नव्हता. आन् कागद त्याच पत्त्यावरनं पाठवा म्हनले, दुसऱ्या पत्त्याचं चालत न्हाई."

तिचे आई-बाप दसऱ्यालाच ऊसतोडीला गेले होते. घरी ती आणि आजी. मी तिला बसायला सांगितलं, स्क्रीन दाखवली. म्हटलं, "सकाळपासून तेवीस हजार काढल्या, तरी जागा होत नाही."

ती वाकून बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, कचरापेटी? ती पन रिकामी करावी लागती."

इतकी वर्षं मी मेल वापरते. ऑफिसात ते काम संगणक विभाग करतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मी ज्या काढल्या त्या सगळ्या तिथल्या तिथे पेटीत पडून होत्या, तेवढीच जागा अडवून. मी पेटी उघडली, रिकामी करायच्या बटणावर बाण नेला. विचारलं जातंच, नक्की का म्हणून. मी 'हो' दाबणार, तेवढ्यात अश्विनीने माझं मनगट धरलं.

"थांबा. ती माजी हाय."

तिचं बोट एका ओळीवर होतं. पाठवणारी नंदा, मिळालेली नंदा. विषयाच्या जागी लिहिलेलं: अश्विनी दहावी, मूळ, स्वच्छ.

तेव्हा मी पहिल्यांदा काय काढून टाकलं ते वाचायला बसले. तू जो जो कागद स्कॅन करायचीस, तो स्वतःलाच मेल करून ठेवायचीस. जाहिरातींच्या ढिगात ते दबलेले होते. 'बबन लायसन, फोटो जुना, नवा काढणे.' 'मीरा निकाल, आधी तिलाच सांगणे.' 'पारूमावशी, नाव दोन ठिकाणी दोन, तलाठ्याला विचारणे.' माझ्या कचेरीतल्या कुठल्याही फाइलवर इतके नेमके शेरे मी बघितले नाहीत. मी तुला अव्यवस्थित म्हणत आले. तुझी व्यवस्था होती. ती मला माझ्यासारखी दिसत नव्हती, एवढंच.

अश्विनीच्या मदतीने तू तुला पाठवलेल्या सगळ्या मेल वेगळ्या काढून परत आणल्या. त्यांच्यानंतर सरकारी आणि कॉलेजांची पत्रं. साड्यांच्या, कर्जांच्या, क्लासच्या जाहिराती तेवढ्या पेटीत ठेवल्या, आणि मग 'हो' दाबलं. पट्टी लगेच जाईना. ती पोरगी घड्याळाकडे बघत नखं खात होती. मी तिला शेजारून चहा आणायला पाठवलं, ती परत येईपर्यंत पट्टी गेली होती. कॉलेजला फोन लावला. पलीकडच्या माणसाला मी माझ्या ऑफिसच्या आवाजात सांगितलं, "मेल पुन्हा पाठवा, आणि पोचली असं मी म्हणेपर्यंत फोन ठेवू नका." त्याने ठेवला नाही.

मेलमध्ये एकच ओळ होती. दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत अस्पष्ट आहे, स्पष्ट प्रत पाठवावी.

"मूळ कुठंय?" मी विचारलं.

"आईसंगं, फडावरच्या कोपीत, झोपडीत. घरात उंदीर कागद खात्यात म्हनून तिनं पिशवीत घालून नेली." आणि तिचा चेहरा एकदम बदलला. माझाही बदलला असणार. दोघींनी एकाच वेळी त्या 'मूळ, स्वच्छ'च्या ओळीकडे बघितलं. फॉर्मवर लहान फाइलच चालते, म्हणून तू दाबून दाबून अस्पष्ट केलेली प्रत भरली होतीस. पण मूळ, मोठी, प्रत्येक गुण वाचता येईल अशी, ठेवली होतीस. चार वाजून काही मिनिटांनी ती प्रत कॉलेजला गेली. "प्राप्त झाले," असं उत्तर आलं. अश्विनी टेबलावर डोकं ठेवून रडली. प्रवेशासाठी रडत होती की तुझ्यासाठी, मी विचारलं नाही.

म्हणजे भांडण तू जिंकलीस, असं लगेच समजू नकोस. पुढच्या रविवारी मी पुन्हा दुकानात होते, तेव्हा बबन आला, तो लायसनवाला. ड्रायव्हरच्या नोकरीच्या चाचणीची तारीख त्याला मेलवर कळणार होती. ती मेल तुझा डबा भरलेला असताना परत गेली. त्याच्याबरोबर फॉर्म भरलेले दोघे चाचणी देऊन आले. तो बाकावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ताई असती तर लई भांडलो असतो," तो म्हणाला. "आता कुनाशी भांडू?"

"माझ्याशी भांड," मी म्हटलं. "तिनं मला बोलावलं होतं. मी आले नाही."

त्याने टोपी परत डोक्यावर घातली. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, नंदा. जाताना म्हणाला, "पुढची जाहिरात आली तर सांगा." त्याच्यासाठी मी तीन फॉर्म भरले आहेत. अजून कुठूनच बोलावणं नाही. हे मी तुझ्या माथी मारत नाही, पण झाकूनही ठेवत नाही. तू सगळं जपलंस आणि जपता जपता नव्याला यायला वाट ठेवली नाहीस. मी वाट मोकळी ठेवली आणि तुझ्या हाकेलाच गेले नाही.

त्या दोन दिवसांनंतर मी खातं बंद केलं नाही. ठरवलं की ज्याची मेल त्याच्या हातात गेल्याशिवाय बंद करायचं नाही. दर रविवारी सकाळची एसटी धरली. घरी सगळे म्हणाले, आता तिथे जाऊन काय होणार आहे. मी म्हटलं, हजारो मेल उरल्या आहेत, त्या हातावेगळ्या होणार आहेत. अश्विनी कॉलेजला जाईपर्यंत दोन रविवार माझ्या शेजारी बसली, मग मी एकटीच. एक वही केली. पानावर माणसाचं नाव, त्याखाली त्याचे कागद. माणूस आला की त्याच्याच फोनवर त्याचा पत्ता काढायचा, त्याची मेल त्याला पाठवायची, त्याने उघडून बघितली की तुझ्याकडची काढायची. पत्ता आणि पासवर्ड मोठ्या अक्षरात कागदावर छापून लॅमिनेट करून द्यायचा. तुझं लॅमिनेशन मशीन वास मारतं, पण चालतं.

बायका आल्या तेव्हा फोनचा प्रश्न तू म्हणाली होतीस तसाच निघाला. मीराचा नवरा एकटाच आला. "तिचं माझ्या फोनवर काढा," म्हणाला. मी म्हटलं, "तिला घेऊन या." तो म्हणाला, "नंदाताई असलं काय विचारत नव्हती." मी म्हटलं, "नंदाताई विचारत नव्हती, कारण ती तुमच्या फोनवर काही काढतच नव्हती, स्वतःचा पत्ता टाकायची." दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी मीरा एकटी आली, नवा फोन पिशवीत रुमालात गुंडाळून. तिचा निकाल मी तिलाच दाखवला. तिने दोनदा वाचला आणि फोन परत रुमालात बांधला.

संक्रांतीच्या आसपास मी शोधायच्या रकान्यात माझं नाव टाकून बघितलं. माझ्या तुला अकरा मेल होत्या, सगळ्या उघडलेल्या. एक पासवर्ड बदलायची, तीन मेल साफ कशी ठेवावी याच्या, बाकी कुठली तरी परिपत्रकं, फक्त पुढे ढकललेली. 'कशी आहेस' असं एकाही मेलमध्ये नव्हतं. फोन होता की, असं मी स्वतःला सांगून बघितलं. फोनवरसुद्धा आधी ओरडायचे आणि मग विचारायचे. तरी तू दर वेळी आधी हसायचीस. नंदा, मला तुझा राग यायचा, कारण तू मला विचारून काही करत नव्हतीस. आणि मला तुझा अभिमान वाटायचा, तो मी भिंगारच्या सगळ्या बायकांना सांगितला. तुला सोडून.

चैत्रात ऊसतोडीला गेलेले कोयते परतले. रस्त्याला ट्रॅक्टर दिसायला लागले, भांडी, कोंबड्या, पोरं लादून. त्या महिन्यात मी शनिवारीही आले. अश्विनीची आई पिशवीतली मूळ गुणपत्रिका घेऊन आली आणि स्क्रीनवरच्या प्रतीशी ताडून बघत उभी राहिली. वहीतली पानं एकेक करून खोडली गेली. शेवटी तुझ्या इनबॉक्समध्ये तुझं स्वतःचं तेवढं उरलं: ओमच्या शाळेच्या सूचना, एक शिलाई मशीनची चौकशी, आणि शिर्डीला गेलो होतो तेव्हा मीच काढलेले, कुणाचंच डोकं पूर्ण न आलेले फोटो. ते विलासरावांच्या आणि ओमच्या पत्त्यावर पाठवले. मग विलासरावांना डेअरीवरून बोलावून आणलं.

"तुम्ही दाबा," मी म्हटलं.

त्यांनी हात धुऊन, शर्टाला पुसून, माऊसवर ठेवला. थोड्या वेळाने काढून घेतला. "तुमीच दाबा, आक्का. तुमीच काढून दिलं हुतं ना तिला."

मी दाबलं. पांढरी स्क्रीन आली, तुझा पत्ता विचारणारी, जणू तो कधी नव्हताच. विलासराव तिकडेच बघत म्हणाले, "तिला लई भीती हुती तुमची. तुमी येनार म्हनलं की आधी टेबल आवरायची." आम्ही दोघेही हसलो, आणि मग त्यांना दुधाच्या गाडीकडे जायचं होतं.

मी दुकान बंद करत होते, तेवढ्यात शेवंताबाई आल्या. साठीच्या पुढच्या, त्याच दिवशी उसाच्या फडावरून परतलेल्या. तू गेल्याचं त्यांना रस्त्यातच कळलं होतं. दारात बसून त्या आधी रडल्या, मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "माजा निराधारचा फारम ऱ्हायलाय बाई. परत आल्यावर भरू म्हनली हुती."

मी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. कागद त्यांनी पिशवीत नीट आणले होते. फॉर्म अर्धा झाला आणि ई-मेलचा रकाना आला. तो भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. शेवंताबाईंकडे फोन नव्हता. लेक हयात नाही, सून दुसऱ्या मुकादमाच्या टोळीत, अजून परतली नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं, रकान्याकडे बघितलं. दर रविवारी प्रत्येकाला सांगत होते, दुसऱ्याच्या पत्त्यावर आपलं पत्र घ्यायचं नाही.

मग मी तिथे माझा पत्ता टाकला.

"काय लिवलं?" त्यांनी विचारलं.

"माझा पत्ता. तुमचं उत्तर माझ्याकडे येईल, मी तुम्हाला सांगेन."

"तुला तरास न्हाई ना व्हनार, बाई?"

"होईल," मी म्हटलं, आणि फॉर्म पुढे पाठवला.